उलट टांगलेल्या खुर्च्या

राधक्काच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस दारातच घुटमळायचा, कारण आत बसायला काहीच नसायचं. लाल जमीन तोंड दिसेल इतकी पुसलेली, मधे एक लांबलचक टेबल, आणि खुर्च्या भिंतीवर. डोक्याच्या उंचीला खोलीभर एक लाकडी पट्टी फिरवलेली, पट्टीत खुंट्या, आणि एकेका खुंटीवर एकेक खुर्ची उलटी टांगलेली. पाय छताकडे, डोकं जमिनीकडे. मी पत्र्याची ट्रंक घेऊन आत शिरले तेव्हा मला वाटलं, चुकून एखाद्या सुताराच्या वखारीत आले.

"गाव कुठलं?" आतून आवाज आला. मागोमाग एक उंच, हडकुळी बाई आली. पांढरं पातळ, हातात केरसुणी.

"निपाणी."

"सरी, ठीक. निपाणी, खुर्ची उतरव."

मी उतरवली. एका हातात आली, इतकी हलकी. बसले. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "हे लॉज नाही, आश्रम पण नाही. जेवायला बसताना आपली खुर्ची आपण उतरवायची, उठताना आपण टांगायची. जी टांगणार नाही ती दुसऱ्या दिवशी उभ्यानं जेवेल. पटतंय?"

मला पटलंच पाहिजे होतं, कारण त्या दिवशी सकाळपासून मी या कानडी शहरातल्या सभ्य माणसांच्या दारांतून परत आले होते. टेलिफोनच्या कारखान्याला आमचे हात हवे होते. बारीक तारा जोडायला बायकांची बोटं बरी म्हणून जाहिराती देऊन बोलावलं होतं. पण ते हात ज्या बाईला चिकटलेले असतात तिला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. "लग्न झालंय का? मग एकटी का?" हे प्रश्न विचारणारे लोक देवळात पहिल्या रांगेत असतात. त्यांच्याबद्दल मी पुढं पत्रकांतून पुष्कळ लिहिलं आहे, इथं पुरे.

राधक्कानं असल्या अकरा जणींना घर दिलं होतं. ती आम्हांला नावानं कधी हाक मारायची नाही. मी निपाणी, शांता म्हणजे अथणी, स्वयंपाकघर सांभाळणारी कमळा म्हणजे हुबळी. एकदा चिकोडीच्या दोघी आल्या, तर धाकटीला तिनं "चिकोडी रोड" केलं. आम्ही तिला तोंडावर 'तुम्ही' म्हणायचो आणि पाठीमागं 'ती'. तिला ते ठाऊक होतं.

ती स्वतः इथलीच, जुन्या मराठी घरातली. "आम्ही तीनशे वर्षांपूर्वी या गावात आलो, अजून सामान लावतोय," असं सांगायची. तिच्या मराठीत निम्मं कानडी. 'थोडं' हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला नाही, नेहमी 'स्वल्प'. मीठ स्वल्प, अक्कल स्वल्प, बस यायला स्वल्प वेळ. लग्न होऊन वर्षाच्या आत नवरा वारला, मग शिकली, मग कँटोनमेंटमधल्या एका मिशनच्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायला लागली. तिच्याबद्दल याहून जास्त तिनं सांगितलं नाही, आणि विचारायची आमची छाती नव्हती.

घर आणि खुर्च्या मिस हॅनाच्या. मिस हॅना त्या शाळेची अमेरिकन मुख्याध्यापिका. बंगला जुना, मंगळुरी कौलांचा, पुढच्या खिडक्यांवर लाकडी जाळीचे टोकदार पडदे, ज्यांना इथं मंकी टॉप म्हणतात. तो मिस हॅनानं विकत घेतला होता आणि आपल्या आजोळचं सामान बोटीनं आणवलं होतं. तिच्या आजोळच्या गावाशेजारी म्हणे एक पंथ होता. ती माणसं लग्न करायची नाहीत, नाचत प्रार्थना करायची आणि उरलेल्या वेळात खुर्च्या बनवायची. नक्षी म्हणजे गर्व, असं मानायची. त्यांच्या खुर्च्यांना नुसते चार दांडे, पाठीला शिडीसारख्या तीन आडव्या पट्ट्या, आणि बसायला विणलेली फीत. फीत झिजली की राधक्का खाटेची नवार आणून तशीच विणायची. सगळ्या खुर्च्यांवर एक जुना, विटका, तांबूस रंग होता, कुठं बोटांनी झिजलेला, कुठं काळवंडलेला.

मिस हॅना म्हातारपणी मायदेशी गेली. जाताना राधक्काला एवढंच म्हणाली, "घर चालव." कागद नाही, सही नाही. राधक्कानं चालवलं.

"लग्न न करता त्या लोकांना इतकं सरळ सुचलं," ती खुर्चीवरून हात फिरवत म्हणायची. "आमच्या लोकांना लग्नं करून करून सिंहाचे पाय सुचले."

सिंहाचे पाय हा तिचा खास राग. त्या वर्षांत कँटोनमेंटातली इंग्रज आणि अँग्लो-इंडियन घरं रिकामी होत होती. कुणी इंग्लंडला, कुणी ऑस्ट्रेलियाला. दर रविवारी कुठल्या ना कुठल्या बंगल्याच्या अंगणात लिलाव. राधक्का दर रविवारी जायची, घ्यायला नव्हे, तपासायला. सोबत आमच्यापैकी एक. शिसवी कोच, पंजे कोरलेली टेबलं, आरसे, सगळं हिरवळीवर मांडलेलं असायचं, आणि ही बाई प्रत्येक खण उपसून, प्रत्येक खुर्ची उलटी करून बघायची. बघायची ते बघायची, वर मोठ्यानं सांगायची. "पुढून शिसव, मागून आंबा." लिलाववाला तिला लांबून पाहिलं की कपाळ पुसायचा.

"बाई, बोली लावणार असाल तर हात लावा," तो एकदा म्हणाला.

"हात लावल्याशिवाय बोली लावणारे तुम्हांला आवडतात, हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "या सिंहाच्या पंज्यात किती धूळ आहे बघा. केरसुणी आत जात नाही. ज्याच्याखाली केर काढता येत नाही ते सामान माणसाचं नाही, केराचं आहे."

तिचं नेहमी बरोबर असायचं असं मुळीच नाही. एकदा तिनं खास आवडून एक सुबक चौकोनी पेटी घेतली. वर झाकण, आत गोल भोक पाडलेली फळी. मसाल्याच्या बरण्या त्या भोकात नीट बसतील, असं तिचं म्हणणं. घरी आणून स्वयंपाकघरात ठेवली. दोन दिवसांनी शेजारची मिसेस डिक्रूझ आली, पेटी पाहिली आणि तोंडाला पदर नसल्यामुळं हातरुमाल लावून हसत सुटली. ते कुणा कर्नलसाहेबाचं शौचाचं आसन होतं.

आम्ही सगळ्या राधक्काच्या तोंडाकडं बघत राहिलो. तिनं झाकण उघडलं, फळीच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "मला वाटलंच. पण गोलाई किती गुळगुळीत केलीय बघा. करणाऱ्यानं बसणाऱ्याचा विचार केला होता." पेटी तिनं टाकली नाही. धुऊन, उन्हात घालून, व्हरांड्यात वर्तमानपत्रं ठेवायला घेतली. पुढं मी युनियनची पत्रकंही त्यातच ठेवायची. ती म्हणायची, जागा योग्य आहे.

अथणीचं लग्न तर त्या खुर्च्यांनीच जमवलं. बघायला मुलगा आला, त्याचे आईवडील, आणि एक मामा. असल्या मामांची एक जात असते. मुलीच्या कारखान्यातल्या नोकरीवर तोंड वाकडं करायचं आणि तिच्या पगाराची चौकशी गोड आवाजात करायची. राधक्कानं पाहुण्यांसाठी खुर्च्या उतरवल्या. मामा बसला आणि खुर्चीचे पुढचे दोन पाय उचलून मागं रेलला.

"चार पाय आहेत, चौघांवर बसा," राधक्का म्हणाली. "दोघांवर भार टाकायची सवय लागली की तो घरातल्या माणसांवर पण पडतो."

मामा सरळ झाला. मग त्यानं हुकूम सोडला, "मुलीला स्वल्प चालून दाखवू द्या." कानडी मुलखातला मामा, त्याच्याही तोंडी स्वल्पच.

"दाखवेल. आधी मुलगा खुर्ची टांगून दाखवेल."

मुलाची आई मुलाकडं बघायला लागली, मामा टोपी शोधायला लागला. मुलगा मात्र उठला. बँकेतला कारकून होता, कानापर्यंत लाल झालेला. त्यानं खुर्ची उचलली आणि सरळ, डोकं वर ठेवून, खुंटीला अडकवली.

"उलटी," राधक्का म्हणाली.

"का?" त्यानं विचारलं. रागानं नाही, खरंच विचारलं.

"धूळ वरून पडते. सरळ टांगली तर बसायच्या जागेवर पडेल, उलटी टांगली तर बुडाला. येणारा स्वच्छ जागेवर बसतो."

त्यानं स्वल्प विचार केला (बघा, मलाही लागलं), खुर्ची उतरवली, उलटी केली आणि पुन्हा टांगली. वर बाजूची एक वाकडी होती तीही नीट केली. आत दाराआडून अथणीनं ते पाहिलं. मामा निघून गेला, पण लग्न झालं. अथणी अजून सांगते, मला मुलगा पसंत पडला तो पाठमोरा.

असं चाललं होतं, आणि एक दिवस अमेरिकेहून पत्र आलं. मिस हॅना वारली होती. घर कागदावर तिचंच, आणि वारस म्हणून तिचा भाचा येणार होता. पत्र सभ्य होतं, ते मी नाकारत नाही. त्यानं लिहिलं होतं की आत्याच्या गावात जुनी घरं जशीच्या तशी जपून लोकांना दाखवायचं काम सुरू झालं आहे, आजोळच्या त्या खुर्च्या तिथं परत याव्यात अशी त्याची फार इच्छा आहे. आत्यानं त्यांचं वर्णन त्याला सांगितलं होतं. खुर्च्या तशाच असतील, तर त्या त्याला द्याव्यात आणि बंगला मुलींच्या वसतिगृहासाठी कायमचा ठेवावा. तो लिहून द्यायला तयार होता. तशा नसतील, तर घर विकून तो पैसा त्या कामाला द्यायचा, हेही त्यानं ठरवलं होतं.

हुबळीनं पत्र दोनदा मोठ्यानं वाचलं. खुर्च्यांच्या बदल्यात घर. अकरा जणींचं घर, आणि आमच्यानंतर येणाऱ्यांचं. मी राधक्काकडं पाहिलं. त्या खुर्च्यांवर तिचा जीव होता, हे आम्हांला माहीत होतं.

"घेऊन जाऊ दे," ती लगेच म्हणाली. "माझ्या कुठं आहेत? माहेरी चालल्यात." आणि मग एकदम तिला काळजी लागली. "पण अशा कशा पाठवू? बघा तरी, किती मळल्यात."

आमच्यात मुलगी सासरी निघाली की तिला न्हाऊ घालतात, नवं लुगडं नेसवतात. माहेरी निघाली तरी धुवट नेसवून पाठवतात, म्हणजे लोक म्हणायला नकोत, हिला नीट ठेवली नाही. राधक्कानं शिवाजीनगरातून चांगला पॉलिशवाला बोलावला. व्हरांड्यात चार दिवस काचपेपरचा आवाज. तो विटका तांबूस रंग भुकटी होऊन फरशीवर पडला, आम्ही तो झाडून टाकला. रविवारी आम्हीही फडकी घेऊन बसलो. मग लाखेचं पॉलिश, एकावर एक हात. पाचव्या दिवशी खुर्च्या तुपात तळल्यासारख्या चमकत होत्या. राधक्का प्रत्येकीसमोर उभी राहिली. "आता कुणी नाव ठेवणार नाही," म्हणाली. दारात रांगोळी काढली. खुर्च्यांना हळदकुंकू लावायचं की नाही यावर तिचा आणि हुबळीचा वाद झाला, शेवटी फक्त पायांना लावलं.

भाचा आला. उंच, खांद्यात वाकलेला, हळू बोलणारा माणूस. दाराशी बूट काढले. खोलीत आला, वर पाहिलं आणि जागीच थांबला. मग एक खुर्ची उतरवली, खिडकीजवळ नेली, उलटी केली, पायाच्या सांध्यात नख घालून बघितलं. दुसरी उतरवली. तिसरी. शेवटी जमिनीवरच बसला, खुर्ची मांडीवर आडवी घेऊन.

"रंग कुठं गेला?" त्यानं विचारलं.

"काढला," राधक्का म्हणाली. तिचं इंग्रजी शाळेतलं, स्वच्छ. "तुमच्यासाठी."

त्यानं घासलेल्या दांड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "तो रंग त्या लोकांनी स्वतः लावलेला होता. त्याच्यावर माझ्या पणजीचे हात होते, आजीचे, आत्याचे. तुमचे पण. लाकूड कुठंही मिळतं. ठेवायचं होतं ते हेच." आणि अगदी हळू, "तिथले लोक आता या घेणार नाहीत."

मी तिथं उभी होते आणि माझं डोकं तापलं होतं. अकरा बायकांचं छप्पर एका पारड्यात, आणि दुसऱ्या पारड्यात मळ. मी तोंड उघडणार तेवढ्यात राधक्कानं हातानं गप्प केलं. तिचा चेहरा पार उतरला होता. मी तिला तसं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"बसून बघ," ती त्याला म्हणाली.

तो उठला, खुर्चीवर बसला. चारही पायांवर, नीट. "छान आहे," म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. पण घराचं त्यानं आधी ठरवलं होतं तेच केलं. खुर्च्या नाहीत, तर घर विकून त्या गावच्या कामाला हातभार. एक लॉजवाला तयारच होता. खुर्च्या आमच्याकडंच राहू दिल्या आणि उगादीपर्यंत, म्हणजे पाडव्यापर्यंत, मुदत दिली. चांगला माणूस होता, आणि चांगल्या माणसांनी घर विकलं तरी बेघर व्हायचं ते होतंच.

मी रातोरात नाही, पण दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन पत्रक लिहिलं. मराठीत आणि कानडीत. राधक्का मागच्या पायरीवर अवरेकाळूचे, म्हणजे पावट्याचे, दाणे सोलत होती. थंडीत या शहराला दुसरं काम नसतं. शेंगा सोलायच्या, दाणे भिजवायचे, मग एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर उडवायचा. तिनं ओल्या हातानं पत्रक घेतलं.

"'धनदांडगा' लिहिलंयस. त्याच्या मोज्याला भोक होतं. 'कारस्थान' लिहिलंयस. कारस्थान कसलं गं, चार दिवस मीच समोर बसून रंग काढवला."

"पण घर जातंय आपलं."

"जातंय. त्याचं म्हणणं बरोबर आहे, निपाणी. माझ्या आईचं लुगडं कुणी ब्लीच करून परत दिलं असतं, तर मी पण जमिनीवर बसले असते." एक दाणा टपकन पातेल्यात उडाला. "पण तुमच्या डोक्यावरचं छप्पर जातंय ही माझी चूक, त्याची नाही. ती मला निस्तरू दे. कागदाची पाठ कोरी आहे, कपाटात अंथरायला होईल."

आणि ती निस्तरायला लागली. शहरातच मल्लेश्वरम भागात रंगराव म्हणून एक विधुर होते, पोस्टातून निवृत्त झालेले, आपल्याच लोकांपैकी. मागची सगळी बाजू रिकामी पडलेली. राधक्का जटक्यात, म्हणजे इथल्या टांग्यात, एक खुर्ची घालून त्यांच्याकडं गेली. मी सोबत होते.

"कारखान्यातल्या पोरी?" रंगराव म्हणाले. "अय्यो, राधाबाई, लोक काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"तेच. तुम्हांला माहीत आहे."

"मला माहीत नाही. तुम्ही आठवून सांगा, तोवर मी बसते." आणि तिनं त्यांच्या व्हरांड्यात खुर्ची ठेवली, शेंगांची पिशवी उघडली आणि सोलायला बसली. संध्याकाळी खुर्ची उचलून घरी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. येणारेजाणारे थांबायचे, विचारायचे, आणि ती सांगायची, "रंगराव लोकांचं म्हणणं आठवतायत." आठवड्याभरात रंगराव स्वतः शेंगा सोलायला लागले. अंगणात उभे राहून मला म्हणाले, "ही बाई शाळेत असताना पोरी नापास कशा व्हायच्या?"

शेवटी त्यांनी होकार दिला, पण एका अटीवर. पुढच्या खोलीत त्यांची मुलगी आणि जावई राहतील, मुलींवर लक्ष ठेवायला. संसारी माणसं असली की गल्ली गप्प बसेल. आणि मग अकरा जणींखेरीज आणखी एकीला जागा उरत नव्हती.

"तुम्ही नकोत, राधाबाई," रंगराव चाचरत म्हणाले. "राग मानू नका. तुम्ही आलात की आठ दिवसांत घर तुमचं होईल. माझी पोरगी माझ्याच घरात पाहुणी होईल."

मी भडकले. ज्या बाईनं हे घर मिळवलं तिलाच बाहेर ठेवायचं? मी उभ्या उभ्या निम्मं पत्रक बोलून दाखवलं.

राधक्का हसत होती. "खरं आहे त्यांचं. होईल." आणि रंगरावांना म्हणाली, "साकु, पुरे. ठरलं. अकरा जणी. त्यांतली एक लग्न करून गेली की तिच्या जागी दुसरी यायची, हे पण ठरलं ना?"

"ठरलं."

"तुमच्या जावयासमोर म्हणा."

त्यांनी जावयाला बोलावून म्हटलं.

घरी येताना जटक्यात मी तोंड फिरवून बसले होते. ती म्हणाली, "माझ्यासाठी पत्रक काढलंस तर बघ." मी विचारलं, तुम्ही कुठं जाणार. आनेकलला धाकटा भाऊ होता, त्याची थोडी शेती होती. "त्याच्याकडं अडगळ फार आहे," ती म्हणाली. "मला काम पुरेल."

उगादीच्या आधी आम्ही हललो. बारा खुर्च्या बैलगाडीत उभ्या रचून मल्लेश्वरमला गेल्या. एक तरी बरोबर न्या, म्हणून आम्ही अकरा जणी मागं लागलो, तिनं ऐकलं नाही. एक कापडी पिशवी आणि एक वळकटी, एवढंच घेऊन ती निघाली. आम्हांला कामावर जायला सांगितलं होतं, पण माझी दुसरी पाळी होती, म्हणून मी कलासिपाळ्यमच्या बसस्टँडवर गेले.

आनेकलची बस खचाखच भरलेली. तिला खिडकीजवळ जागा मिळाली होती. मी खाली उभी. तिनं मला दोन सूचना दिल्या. हुबळीला तिखट कमी घालायला सांग, आणि रंगरावांच्या मुलीशी भांडू नकोस, ती बिचारी आपल्याला घाबरते. मी हो म्हटलं. कंडक्टरनं घंटी ओढली.

तेवढ्यात मागच्या दारानं एक बाई चढली, डोक्यावर कोथिंबिरीची टोपली, कडेवर पोर. राधक्काच्या पुढच्या बाकावर एक धिप्पाड माणूस दोघांची जागा अडवून पाय पसरून बसला होता. राधक्कानं त्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली. स्टँडवरच्या गलक्यात मला शब्द ऐकू येत नव्हते, पण तिच्या हाताची खूण दिसत होती, सरक, अजून सरक. त्या माणसानं मान वळवली, काहीतरी उत्तर दिलं आणि पुन्हा समोर बघायला लागला.

बस हलली. राधक्का उठली, त्या बाईच्या डोक्यावरची टोपली घेऊन खाली ठेवली आणि तिला पोरासकट आपल्या जागेवर बसवलं. मग वरचा दांडा धरून उभी राहिली, त्या माणसाच्या अगदी कानाशी वाकली आणि बोलायला लागली. बस कोपऱ्यावर वळेपर्यंत मला ती दिसत होती. तिचं बोलणं अजून चालू होतं, आणि तो माणूस हळूहळू खिडकीकडं सरकत होता.